एका पायरीचं घर

नागपूरला जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर न्या. आम्हा जळगावच्या लोकांना वाटतं, नागपूर म्हणजे नुसतं ऊन. सकाळी सातला तिथे दात वाजतात. जाताना एक पिशवी रिकामी ठेवा, कारण येताना संत्री भरावीच लागतात. सावजीच्या रश्श्याला बसण्याआधी पोटात थोडा भात जाऊ द्या. एवढ्या उपयोगी गोष्टी आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगायचं आहे त्याचा कुणाला उपयोग होईल असं मला वाटत नाही.

आमच्या महिला मंडळाने नागपूरच्या एका मंडळाबरोबर सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कार्यक्रम ठरवला होता. आम्ही दहा जणी चार दिवस नागपूरला जायचं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या दहा जणींनी जळगावला यायचं. हॉटेल नाही, एकमेकींच्या घरीच राहायचं. प्रत्येक पाहुणीने यजमानिणीकडून एक गोष्ट शिकायची आणि एक शिकवायची, मग तो पदार्थ असो, गाणं असो की विणकाम. तिसऱ्या दिवशी जोडीने ती सगळ्यांसमोर करून दाखवायची.

जोड्या लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण मंडळात याद्या मीच करते. वय, पथ्य, औषधं, घोरणं, मांजराची ॲलर्जी, सगळं विचारून दोन्हीकडच्या बायकांचे फॉर्म भरून घेतले होते. त्यात नागपूरच्या रत्नमालाताईंचा एक फॉर्म होता. ‘काय शिकवणार’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘लांब रोटी. मटक्यावरची. हात बसलेली बाई पाठवावी. माझा उजवा खांदा आता फार दिवस साथ देणार नाही आणि मुलगी शिकली नाही.’

लांब रोटी मी तेव्हा पाहिली नव्हती, पण फोनवर माहिती घेतली आणि मला आमच्या प्रमिलाकाकूच आठवल्या. काकू आमच्याकडे मांडे करतात. सैल कणकेचा पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत उतरवायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर टाकायचा. जळगावात हे जमणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि त्यांत काकू पहिल्या. तिकडे उपडा मटका, इकडे उपडं खापर, हात तोच. ज्याला दोन वर्षं लागतील ते काकूंना दोन दिवसांत येईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. दहातली ही जोडी मी सर्वांत आधी लावली आणि तिच्यावर मी खूश होते.

यादी टाइप करताना मी सगळ्यांची पूर्ण नावं घातली. रत्नमालाताईंचं आडनाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

सक्करदरा, पहिला दिवस

सक्करदऱ्याच्या एका छोट्या हॉलमध्ये आमचं स्वागत झालं. तर्री-पोहे होते. आपल्याकडे पोह्यांवर शेव येते, तिथे हरभऱ्याची लालभडक तर्री येते आणि खाणारा रडत रडत अजून मागतो. नंदाताई म्हणजे तिकडची मी. त्यांच्याही हातात फाइल होती. आम्ही एकमेकींची फाइल पाहिली आणि आमचं जमलं.

यादी वाटून पाच मिनिटं झाली असतील. काकूंनी मला खांबाआड ओढलं.

“शैला, मला त्या चार नंबरला नको.”

“का काकू? तुमच्यासारखंच काम करतात त्या.”

“ते करू दे गं. शिकायला काही नाही. पण राहायचं म्हणजे जेवण आलं, पाणी आलं.” त्यांनी आडनावावर बोट ठेवलं. “तू वाचलं नाहीस का? माझं या वयात नवीन काही सुरू करू नकोस.”

आवाज चढवला नाही त्यांनी. चहात साखर कमी टाक म्हणाव्यात तसं म्हणाल्या. मला चीड आली, पण ती आधी यादी बिघडली याची आली. दुसरी चीड बरीच नंतर आली. काकू सत्तावीस वर्षं मंडळात आहेत. कार्यक्रम कुठलाही असो, पहाटे चूल त्याच पेटवतात. आल्या पावली भांडण नको, बाहेर रिक्षा उभ्या आहेत, असा हिशेब मी केला. मला नंदाताईंचं घर मिळालं होतं. मी पेन काढलं, दोन नावं खोडली, अदलाबदल केली आणि शेरा लिहिला, ‘गुडघेदुखी, जिना चढणे शक्य नाही.’ तेच मोठ्याने वाचूनही दाखवलं.

नंदाताई म्हणाल्या, “पण शैलाताई, माझं घर तर दुसऱ्या माळ्यावर आहे. लिफ्ट नाही.”

मागे एक उंच, सावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझं तळमजल्यावर आहे. एक पायरी.”

त्याच रत्नमालाताई. मला तिथेच थांबता आलं असतं. मी म्हणाले, “काकूंना कमोड लागतो ना.”

“आहे माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “मागच्या वर्षीच बसवला.”

नंदाताईंनी फाइल मिटली. काकूंनी आपली बॅग उचलली आणि दोन जिने चढायला निघून गेल्या. सगळ्यांचे फॉर्म भरून घेणाऱ्या बाईने घर कितव्या मजल्यावर, हा रकानाच ठेवला नव्हता.

रत्नमालाताईंचं घर स्वच्छ, दोन खोल्यांचं आहे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची मांडणी, मागे आवार. टपाल खात्यातून त्या निवृत्त झाल्या आहेत, यजमान वारले, मुलगी बंगळूरला असते. रात्रीच्या जेवणाला त्यांनी पाटवडीचा रस्सा केला होता. आपल्या पातोड्यांची ही नागपुरी बहीण, फक्त बहिणीचा स्वभाव जास्त तिखट. मी दोनदा पाणी मागितलं. त्या हसल्या.

“आरामानं जेवा जी. रस्सा कुठं पळून नाही राहिला.” मग ताटात भात वाढता वाढता, “तुमच्या काकूचे गुडघे कधीपासून दुखून राहिले?”

“बरेच दिवस झाले.”

“का यादी हातात आल्यापासून?”

मी रश्श्यात बोट बुडवून बसले.

“मी पस्तीस वर्षं टपालात होती, शैलाताई. पत्ता वाचून पाकीट परत जाते, हे मले नवीन नाही.” त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. “पण या खेपेले मी मटके दोन आणले. एक तिच्यासाठी.”

काकूंच्या आजाराबद्दल मी आणखी दोन वाक्यं बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

कळमना, दुसरा दिवस

सकाळी सगळ्यांना कळमन्याचा बाजार दाखवायला नेलं. हा प्रवासातला सर्वांत देखणा देखावा, म्हणून लिहिते. ट्रकमधून उतरलेली संत्री जमिनीवर ढिगांनी पडलेली असतात, एवढी, की थंडीत त्यांच्याकडे बघूनच ऊब येते. ढिगाभोवती माणसं गोल करून उभी राहतात, एक जण भाव पुकारतो आणि दोन मिनिटांत अख्खा ढीग विकला जातो. आपल्याकडच्या केळीच्या व्यवहाराला एवढा रंग नाही.

काकू सर्वांत पुढे होत्या. गोण्या ओलांडत, ढिगांमधून वाट काढत, हमालांना “सरक रे बाबा” म्हणत चालल्या होत्या. आम्हाला त्या गाठता येईनात.

“शैलाताई,” मागून रत्नमालाताई म्हणाल्या, “काकूले जरा आवाज द्या. त्यांच्या मागं पळून पळून माझे गुडघे जातीन.”

नंदाताईंनी तोंडाला पदर लावला. मी ऐकलंच नाही असं केलं.

एका ढिगापाशी रत्नमालाताईंनी संत्रं सोललं आणि फोडी सगळ्यांपुढे धरल्या. काकूंनीही एक घेतली. खाल्ली, बी थुंकली, “गोड आहे” म्हणाल्या आणि दुसरी घेतली. मला बरं वाटलं, दोन मिनिटं. मग लहानपणी घरात ऐकलेला नियम आठवला. फळ कुणाच्याही हातचं चालतं. शिजवलेलं नाही, आणि पाणी नाही. रत्नमालाताईंनाही तो पाठ असणार. त्यांनी उरलेलं संत्रं काकूंच्या हातात दिलं आणि हात रुमालाला पुसले.

दुपारी मागच्या आवारात मी रोटी शिकायला बसले. शिकवायला दुसरं कुणी नव्हतंच. मी वहीत चौदा पायऱ्या लिहून घेतल्या. लोकवन गहू, दळण अगदी बारीक, चाळायचं कापडातून. मिठाच्या पाण्यात कणीक एवढी सैल की परातीत धरली तर धरवत नाही. ती आपटायची, ताणायची, पुन्हा आपटायची, अर्धा तास. मटक्याच्या पोटाखाली लाकडाचा जाळ, बुडावर पाण्याचा हबका मारून आवाजावरून ताव ओळखायचा. मग ओल्या हाताने गोळा उचलायचा.

त्यानंतरचं लिहिता येत नाही. रत्नमालाताई गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत होत्या, आणि दर टाकण्यात तो लांबत होता, आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. शेवटी त्यांच्या दोन्ही हातांवर ओला पातळ रुमाल वाळत घातल्यासारखी रोटी लोंबत होती, पलीकडची भिंत दिसावी एवढी पातळ. त्यांनी ती मटक्यावर सोडली. उजवा हात खाली घेताना दात आवळले.

“माझ्या आईनं यावर सहा लेकरं वाढवली,” त्या म्हणाल्या. “लग्नाकार्यात बोलावणं यायचं. दीक्षेच्या वेळी खेड्यापाड्यातून माणसं आली ना नागपुरात, तवा ती नवी नवरी होती. दिवसभर वस्तीत रोट्या टाकल्या म्हणे, जो येईल त्याले. कोण कुठला, कोणी पुसलं नाही.”

माझी पहिली रोटी मनगटावरच फाटली. दुसरी परातीबाहेर पडली.

“तुमाले नाही येणार,” त्या शांतपणे म्हणाल्या. “वाईट नका वाटून घेऊ. तुमचा हात पेनाचा आहे.” दुसरा मटका भिंतीशी कोराच उभा होता. “तिले आलं असतं. फॉर्ममध्ये तुमी लिवलं होतं ना, मांडे कोपरापर्यंत उतरवते म्हणून. ते वाचूनच मी हो म्हटलं होतं. नाही तर मले कायले पाहिजे होती पाहुणी?”

हॉल, तिसरा दिवस

जोडीने करून दाखवायचा दिवस. आमच्या भारतीने उमरेडकडच्या विणकर घरातून आलेल्या बाईंबरोबर साडीचा काठ विणण्याचा छोटा नमुना दाखवला. कुणी गाणी म्हटली. काकूंनी नंदाताईंना शेजारी बसवून मांडे केले आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. रत्नमालाताई पहिल्या रांगेत बसून काकूंचे हात बघत होत्या. काकूंच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग आमची पाळी. मी परात धरली, दुसरं काही मला येत नव्हतं. रत्नमालाताईंनी पहिली रोटी उतरवली तेव्हा काकू खुर्चीवरून उठल्या. दुसरीला त्या स्टेजच्या कडेला येऊन उभ्या होत्या. तोंड थोडं उघडं, आणि दोन्ही हात नकळत हलत होते, हवेत, रत्नमालाताईंच्या हातांबरोबर. काकूंना इतक्या वर्षांत मी असं कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

कार्यक्रम संपताच त्या सरळ गेल्या.

“बाई, तो मधला हात तुम्ही उलटा कसा घेता? मला जमतं, पण पुरण असतं म्हणून जमतं. नुसती कणीक अशी फाटत कशी नाही? एकदा दाखवा मला. इथेच दाखवा.”

रत्नमालाताई हात धूत होत्या. “इथं नाही. ताव गेला आता मटक्याचा.” त्यांनी हात झटकले. “उद्या तुमची गाडी दुपारी आहे. सकाळी घरी या. मटका आहे तुमच्यासाठी. दोन तासांत येईल तुमाले, मी पाह्यले तुमचे हात.”

काकूंनी खोचलेला पदर सोडून पुन्हा खोचला.

“चूल मागच्या आवारात आहे,” रत्नमालाताई म्हणाल्या.

“येते,” काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी यादी काढली आणि जोडी चारवरचा गुडघ्यांचा शेरा खोडला. मूर्खपणा होता, पण मला वाटलं, जमलं.

चौथा दिवस

काकू वेळेआधी आल्या. साडी खोचलेली, बांगड्या वर चढवलेल्या, कामाला आलेल्या बाईसारख्या. घराच्या बाजूने आवाराकडे जायला बोळ आहे, त्यांनी तो बरोबर हेरला आणि तिकडूनच मागे आल्या. जाळ चांगला लागला होता. दोन्ही मटके चढवलेले होते. कणीक मळून झाकलेली होती. रत्नमालाताई पहाटेपासून उठलेल्या होत्या.

त्या मागच्या दारातून तांब्या-भांडं घेऊन बाहेर आल्या. “या. पहिले पाणी घ्या.”

“आत्ताच पिऊन निघाले,” काकू म्हणाल्या. “सुरुवात करूया. गाडी आहे.”

“घोटभर घ्या. लांबून आल्या.”

“तहान नाही हो.”

“तहानेसाठी नाही देऊन राहिली मी.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. यादी दुरुस्त करायला सांगताना पाहिलं होतं, तसंच. मी काहीतरी बोलावं, काहीतरी कारण काढावं, अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती चुकीची नव्हती. मी बोलले नाही. पण “काकू, प्या” असंही मी म्हणाले नाही.

भांडं पुढे धरलेलं होतं. काकूंचे हात कणकेच्या परातीकडे निम्मे गेले होते. त्यांना ते हवं होतं, खरोखर हवं होतं, हे आम्हा तिघींनाही दिसत होतं. त्या म्हणाल्या, “बाई, माझा मान ठेवा. काम शिकवा, बाकीचं राहू द्या. मी काही तुम्हाला वाईट म्हणत नाही.”

“मीही नाही म्हणत,” रत्नमालाताई म्हणाल्या. त्यांनी भांड्यातलं पाणी एका जाळावर ओतलं. मग तांब्यातलं दुसऱ्यावर. धूर एवढा झाला की क्षणभर कुणी कुणाला दिसलं नाही. “शैलाताई, तुमची बॅग पायरीवर ठेवली आहे.”

रिक्षात काकू म्हणाल्या, “हट्टी आहे बाई. एवढी कणीक वाया घालवली.”

गाडीत अकोला गेल्यावर त्यांनी माझ्याकडे वही मागितली. “तू लिहून घेतलंस ना? मीठ किती, पाणी किती, ताव कसा बघायचा? हाताचं मी बघितलंय. तेवढं सोडून बाकीचं दे.”

मी दिली. का दिली, याची उत्तरं मी परत आल्यापासून बरीच काढली आहेत. ज्ञान अडवू नये. कला जगली पाहिजे, देवाणघेवाण त्यासाठीच होती. खांदा गेल्यावर कुणाला तरी यायला हवंच. सगळी बरोबर आहेत. गाडीत मात्र मी यातलं काहीच मनाशी म्हटलं नव्हतं. काकूंनी हात पुढे केला आणि मी वही दिली, बस.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत काकूंनी लांब रोटी केली. मटका मिळाला नाही म्हणून खापरावर. तिसऱ्या प्रयत्नात ती कोपरापर्यंत उतरली. आम्ही सगळ्यांनी वांग्याच्या भरताबरोबर खाल्ली. चांगली झाली होती. भारतीने फोटो काढून दोन्ही मंडळांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘नागपूरची कला जळगावच्या हाती.’ दोन्हीकडून टाळ्यांच्या खुणा आल्या.

दुसऱ्या दिवशी रत्नमालाताईंचा फोन आला.

“रोटी पाह्यली. कणीक जरा घट्ट आहे, सांगा त्यांले. बाकी हात चांगला बसला.”

“सांगते.”

“वही तुमी दिली?”

“हो.”

“मले पुसलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच नाही पुसलं ना?”

“हो,” मी म्हणाले. चार दिवसांत आणि नंतरच्या पाच आठवड्यांत त्यांना दिलेलं खरं उत्तर एवढंच.

बरं, ठेवते, म्हणाल्या.

आखाजीची तयारी झाली आहे. झोके बांधायची जागा ठरली, आंब्याचं सांगून ठेवलं, मांडे काकू करणार आहेत. या वेळी यादीत आडनावं नाहीत आणि घर कितव्या मजल्यावर तो रकाना आहे. परवा नंदाताईंनी पाहुण्यांची नावं पाठवली. नऊ आहेत. आमच्याकडे घरं दहा तयार होती. उरलेलं घर माझं आहे.